चित्रांचं पुस्तक अंध वाचकासाठी तयार करताना

फोंड्यातल्या एका घरी पाचवीतली मुलगी फोनवर गोष्ट ऐकत बसली होती. तिला जन्मापासून दिसत नाही. फाईल मी तयार करून दिली होती आणि माझ्या मते काम चोख झालं होतं. जोडाक्षरं शाबूत होती, विरामचिन्हं जागेवर होती. फक्त दर पानाच्या शेवटी फोन एकच शब्द उच्चारून पुढे जायचा, "इमेज". पाचव्यांदा तो शब्द आला तेव्हा तिने फोन थांबवला आणि विचारलं, "मावशी, इमेजमध्ये काय आहे?" मला सांगता येईना. बत्तीस पानं मी स्वतःच्या हाताने स्कॅनरच्या काचेवर ठेवली होती, पण एकही चित्र नीट बघितलं नव्हतं.

हे टिपण त्या प्रश्नामुळे लिहिते आहे. गोव्यात मराठी वाचणारी, ऐकणारी अंध मुलं आहेत, मोठी माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी पुस्तकं स्कॅन करायला पुढे येणारे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, वाचनालयातली माणसंही आहेत. नव्याने येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की अवघड भाग स्कॅनरचा आहे. स्कॅनिंग एका दुपारी शिकता येतं. बत्तीस पानांचं बालपुस्तक स्कॅन करायला मला पाऊण तास लागतो, मजकूर शुद्ध करायला दीड तास आणि चित्रांची वर्णनं लिहायला आठवडाभराच्या संध्याकाळी. ही वाटणी आधीच मनाशी धरा, म्हणजे तिसऱ्या दिवशी "अजून झालंच नाही" असं वाटून हात गळणार नाहीत.

सुरू करण्याआधी

पहिलं पुस्तक तुमच्या आवडीचं घेऊ नका. वाचकाने मागितलेलं घ्या. शाळेत लागलेलं, वर्गातल्या इतर मुलांनी वाचलेलं, किंवा आजोबांनी लहानपणी ऐकलेलं आणि आता दृष्टी गेल्यावर पुन्हा हवं असलेलं. मागणारा माणूस माहीत असला की वर्णनाची भाषा आपोआप ठरते.

मग ते पुस्तक आधीच कुणी तयार केलंय का ते बघा. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झालं. न पाहू शकणाऱ्या आणि छापील वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी निरनिराळ्या संस्थांनी केलेली पुस्तकं तिथे एकत्र मिळतात. तुमच्या वाचकाने तिथे नोंदणी केली नसेल तर आधी ती करायला मदत करा. त्यातून त्याला तुमच्या एका पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त मिळेल.

दुसरी चौकशी प्रकाशकाकडे. चार ओळींचं पत्र लिहा आणि छपाईची पीडीएफ मागा. ती मिळाली तर स्कॅनिंगच वाचतं. मात्र मराठी पुस्तकांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. अनेक पुस्तकं अजूनही जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. अशा पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा हाती येतो, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो तसाच वाचतो. म्हणून निराश होऊ नका. त्या पीडीएफची पानं ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) प्रतिमांमध्ये बदलून घ्या आणि पुढे स्कॅन केलेल्या पानांसारखीच वापरा. कुठल्याही स्कॅनपेक्षा ती स्वच्छ असतात.

परवानगीबद्दल नवीन माणसाला भीती असते, म्हणून स्पष्ट सांगते. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१) मध्ये झेडबी हा खंड आला. त्यानुसार दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपातली प्रत कुणीही तयार करू शकतं आणि ती त्या व्यक्तीला खासगी वाचनासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देऊ शकतं. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांनाही ही मुभा आहे. त्यांनी नफा घ्यायचा नाही, फार तर तयार करायचा खर्च घ्यायचा, आणि प्रती नेहमीच्या विक्रीत शिरणार नाहीत हे बघायचं. अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता याव्यात म्हणून २०१३ मध्ये मराकेश करार झाला. २०१४ मध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. तेव्हा तुमचं काम कायद्याने मान्य केलेलं आहे. बदल्यात एकच पथ्य कडक पाळा. तयार फाईल घरच्या, शाळेच्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. वाचकाला द्यायची, किंवा संस्थेमार्फत सुगम्यवर.

पुस्तक हातात घेतल्यावर

आपल्याकडच्या हवेत पुस्तकाची तब्येत आधी बघावी लागते. जून ते सप्टेंबर कपाटात राहिलेल्या पुस्तकाला बुरशीचा वास येतो, पानांवर तपकिरी ठिपके पडतात, कणा कसरीने खाल्लेला असतो. असं पुस्तक थेट काचेवर ठेवू नका. तोंडाला मास्क बांधा, व्हरांड्यात सावलीत पंख्याखाली पुस्तक उभं करून पानं उघडी ठेवा आणि मऊ कोरड्या ब्रशने बुरशी बाहेरच्या बाजूला झटका. कडक उन्हात ठेवलं तर पानं वाकतात आणि बांधणी सुटते. चित्रांची पुस्तकं बऱ्याचदा गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात. ओल लागून अशी दोन पानं चिकटली असतील तर ओढून सोडवायला जाऊ नका, शाई दुसऱ्या पानावर उतरते. त्यापेक्षा त्याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधा. पणजीत पाटो भागातलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय किंवा तुमच्या तालुक्यातलं वाचनालय, तिथे विचारून बघा.

आता पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, चित्रांसकट. वही जवळ ठेवा. प्रत्येक चित्रासमोर एक ओळ लिहा, "हे चित्र इथे कशासाठी आहे". या ओळीचा उपयोग पुढे येईल. मी त्या बत्तीस पानांच्या वेळी ही पायरी गाळली होती.

स्कॅन

नुसत्या मजकुराचं पान ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांत. अक्षर बारीक असेल, तळटिपा असतील तर ४००. चित्राचं पान ३०० डीपीआयवर रंगीत. काळं-पांढरं म्हणून जो पर्याय असतो तो टाळा. त्यात अनुस्वाराचे ठिपके आणि बारीक वेलांट्या गळतात. फाईल पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा.

स्कॅनर नसेल तर फोन पुरतो. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, म्हणजे सुमारे ८७ लाख. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल आणि पानाने चौकट जवळजवळ भरली असेल तर तेवढा तपशील मिळतो. फोन हातात धरू नका. स्टूलवर दोन डबे आणि त्यांवर आडवी पट्टी, एवढा स्टँडही चालतो. दिवे दोन, डावीकडून आणि उजवीकडून तिरपे. वरून सरळ उजेड पडला की आर्ट पेपरवर पांढरा चट्टा उठतो आणि नेमका चित्राच्या तोंडावर उठतो.

पातळ कागदाचं पान असेल तर मागच्या बाजूचा मजकूर पुढे उमटतो. पानाच्या मागे काळा कागद सरकवला की तो जातो. हा काळा कागद माझ्या पिशवीत कायम असतो.

पुस्तकाच्या शिवणीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. एकदा मी १४० पानांचं घट्ट बांधणीचं पुस्तक पूर्ण स्कॅन केलं आणि दुसऱ्या दिवशी बघितलं, तर प्रत्येक डाव्या पानावर ओळीचं शेवटचं अक्षर शिवणीत बुडालेलं होतं. पूर्ण काम पुन्हा केलं. तेव्हापासून पहिली चार पानं झाली की थांबते, संगणकावर ती मोठी करून चारही कडा बघते, मगच पुढे जाते. पुस्तक सपाट उघडत नसेल तर एका वेळी एकच पान घ्या, दुसरी बाजू काचेच्या कडेवरून खाली लोंबू द्या. दाबून कणा मोडू नका, पुस्तक बहुधा दुसऱ्याचं असतं.

पावसाळ्यात काच धुकट होते. दर दहा पानांनी सुती कोरड्या कापडाने पुसा. वीज जाते, म्हणून दर वीस पानांनी फाईल जतन करा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, श्रेयाचं पान हे सगळं घ्या. चित्रकाराचं नाव बऱ्याचदा तिथेच असतं आणि वाचकाला ते कळायला हवं. फाईलींना ००१, ००२ असे आकडे द्या, पण पुस्तकात छापलेला पानाचा आकडा वेगळा लिहून ठेवा. वर्गात बाई म्हणतात, "पान २४ काढा." तुमच्या वाचकालाही तेव्हा २४च सापडलं पाहिजे.

अक्षरं

प्रतिमेतून मजकूर काढायच्या तंत्राला ओसीआर म्हणतात. मराठीसाठी टेसेरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. भाषा निवडताना 'मराठी' निवडा, 'हिंदी' नको, नाहीतर ळ आणि ऱ्य यांचे हाल होतात. ज्यांना असं काही बसवायचं नसेल त्यांनी पानाची प्रतिमा गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडावी. मजकूर खाली येतो.

चित्राच्या पानावर ओसीआर गोंधळतं. झाडाच्या फांद्या, चटईची नक्षी, साडीचा काठ यांना ते अक्षरं समजतं आणि काना-मात्रांची रांग ओकतं. म्हणून पानाची एक जादा प्रत काढा, तिच्यात चित्रावर पांढरा चौकोन भरा आणि तीच ओसीआरला द्या. मूळ रंगीत प्रत वर्णनासाठी जपून ठेवा. चित्रावरच छापलेली कविता, पात्रांच्या तोंडचे फुगे, दुकानाच्या पाट्या हे सरळ हाताने टाईप करा. फुग्यांचा क्रम यंत्राला कळत नाही आणि कोण बोलतंय हे तर मुळीच नाही.

मग मुद्रितशोधन. मी ते दोन वेळा करते. पहिल्यांदा डोळ्यांनी, छापील पान शेजारी ठेवून. ठरलेल्या चुका ठरलेल्या जागी सापडतात: भ चा म, घ चा ध, थ चा य, ब चा व, रफार उडालेला, काना जाऊन दंड आलेला, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तसाच तुटका राहिलेला. दुसऱ्यांदा कानांनी. फोनला मराठी आवाजात वाचायला लावते आणि बोट पुस्तकावर फिरवते. डोळा सवयीने चूक भरून काढतो, कान काढत नाही. उलट 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच, म्हणून नुसतं ऐकूनही भागत नाही. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारांनी टाईप होतो आणि दिसायला सारखा दिसतो, पण वाचकाने शब्द शोधला तर एक प्रकार दुसऱ्याला सापडत नाही. पूर्ण पुस्तकात एकच प्रकार ठेवा.

गोव्यातल्या पुस्तकांसाठी खास सांगायचं म्हणजे मराठी गोष्टीत पात्रं मध्येच कोंकणी बोलतात. 'म्हजें घर' असं छापलं असेल तर तसंच ठेवा. शुद्धलेखन तपासणारं साधन त्याचं 'माझे घर' करून टाकतं आणि पात्राची जीभच बदलते. कोंकणीतले शेवटचे अनुस्वार तर खास तपासा. 'घर' एक, 'घरां' अनेक.

चित्रं

वहीतली ती ओळ आता काढा, चित्र इथे कशासाठी आहे. उत्तर तीनपैकी एक येतं. पानाच्या कडेची वेलबुट्टी, शोभेचं फूल असेल तर ते वगळा. ज्याला प्रत्येक पानावर "कडेला नक्षी" ऐकावं लागतं तो गोष्ट सोडून देतो. मजकुरात जे आलंय तेच चित्रात असेल तर एक वाक्य पुरे. आणि चित्र असं काही सांगत असेल जे मजकूर सांगत नाही, तर तिथे थांबा. सगळी मेहनत तिथे करायची.

समजा, पान १२ वर एकच ओळ आहे: "शुक्रवारी मी आजीबरोबर म्हापशाच्या बाजारात गेले." वर पानभर चित्र. पान १३ वर ओळ: "घरी येऊन आजीने पिशवी उघडली आणि आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो." नवीन माणूस पान १२ चं वर्णन साधारण असं लिहितो:

"हे एका गजबजलेल्या बाजाराचं सुंदर रंगीत चित्र आहे. बाजारात खूप लोक, भाज्या, फळं आणि मासे आहेत. एक मुलगी आणि तिची आजी आनंदाने चालत आहेत."

यात चूक काहीच नाही, पण पान १३ कळत नाही. आता चित्र पुन्हा बघा:

"चित्र: म्हापशाचा बाजार. मध्यभागी मुलगी, तिने एका हाताने आजीचा पदर धरलाय. आजी डावीकडे वाकून मिरच्यांचा भाव करतेय. तिच्या उजव्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या बाहेर आल्यात. दोघींच्या मागे एक करड्या रंगाचा कुत्रा मागच्या पायांवर उभा आहे, त्याचं तोंड पिशवीत. मुलगी मिरच्यांकडे बघतेय. आजूबाजूला केळ्यांचे घड, मातीची मडकी, चणे-लाडू घेऊन बसलेल्या बायका. चित्र संपलं."

कुत्रा आला, म्हणून पान १३ ची गंमत आली. कुत्र्याने मासे नेले हे मी सांगितलेलं नाही, त्याचं तोंड पिशवीत आहे एवढंच सांगितलं. बघणाऱ्या मुलाला जेवढं कळतं तेवढंच, त्याच पानावर, ना आधी ना जास्त. 'सुंदर' हा शब्द गेला, कारण तो निवाडा वाचकाचा. 'रंगीत' गेला, कारण करड्याने तेच सांगितलं. रंग मात्र सांगत जा. "ज्याला दिसत नाही त्याला रंग कशाला" असं मला एका कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं होतं. अनेक वाचकांना थोडं दिसतं, अनेकांना पूर्वी दिसत होतं, आणि ज्यांना कधीच दिसलं नाही त्यांनाही करवंद पिकलं की काळं होतं हे ठाऊक असतं.

क्रम असा ठेवा की आधी एका वाक्यात जागा, मग मुख्य व्यक्ती, मग ती काय करते, मग बाकीचं. वाचकाने मध्येच पुढे जायचं ठरवलं तरी मुख्य गोष्ट त्याच्या हाती लागलेली असावी. वाक्यं लहान, वर्तमानकाळी. "आपल्याला दिसतं की" ही सुरुवात नको. भाव सांगताना 'दुःखी' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. चित्रकाराने ओठ मिटलेले आणि नजर जमिनीवर काढली असेल तर ते लिहा.

डाव्या-उजव्याचा धडा मला एका वाचक मैत्रिणीने दिला. चतुर्थीवरच्या एका पुस्तकात माटोळीचं पानभर चित्र होतं. गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, तवसं, ईडलिंबू, आंबाडे, नीरफणस, कवंडळं. मी लिहिलं होतं, "अनेक प्रकारची फळं आणि भाज्या टांगलेल्या आहेत." तिने ऐकलं आणि म्हणाली, "नावं सांग ना. आमच्या घरी माटोळी बांधतात तेव्हा मी एकेक फळ हातात देते. मला वासाने ओळखता येतात." मी नावं घातली आणि शेवटी लिहिलं, "गणपतीच्या उजवीकडे सुपारीचा घोस". ती पुन्हा थांबली. "उजवीकडे कुणाच्या? उजव्या सोंडेचा म्हणतो तेव्हा उजवी बाजू गणपतीची असते. इथे त्याची की माझी?" मला स्वतःलाच आठवेना की मी कुठल्या बाजूने लिहिलं. चित्र पुन्हा उघडून बघावं लागलं.

तेव्हापासून मी एक नियम ठेवलाय आणि तो फाईलच्या पहिल्या पानावरच लिहिते. जागा सांगायची असेल तर चित्र समोर धरून बघणाऱ्याची डावी-उजवी. अंग सांगायचं असेल तर ज्याचं अंग त्याची. वरच्या बाजाराच्या वर्णनात आजी 'डावीकडे' वाकते ती बघणाऱ्याच्या, पण 'उजवा खांदा' तिचा स्वतःचा.

फोनमधलं एखादं ॲप चित्राचं वर्णन आपोआप करून देतं. कच्चा खर्डा म्हणून वापरायला माझी हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. याच माटोळीला एका ॲपने 'फळांचं दुकान' म्हटलं आणि गणपतीचा उल्लेखही केला नाही.

गर्दीचं चित्र आलं की नवा माणूस हबकतो. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या धाटणीचं चित्र घ्या, एका चौकात पन्नास माणसं आणि प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं. सगळी सांगायची नाहीत. आधी गर्दी केवढी ते सांगा, मग चार-पाच निवडा, अशी की त्यांतून गर्दीचा स्वभाव कळेल. गोष्टीतलं पात्र त्यात दडलेलं असेल तर ते चुकवू नका.

नकाशाची रीत वेगळी. तो चित्रासारखा सांगू नका, प्रवासासारखा सांगा. गोव्याचा नकाशा असेल तर मी असं लिहिते: "वर उत्तरेला महाराष्ट्र, उजवीकडे आणि खाली कर्नाटक, डावीकडे अरबी समुद्र. किनाऱ्याने उत्तरेकडून खाली यायचं तर पेडणे, बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सासष्टी, केपे, काणकोण. आतल्या बाजूने डिचोली, सत्तरी, फोंडा, धारबांदोडा, सांगे." एवढे बारा तालुके क्रमाने आले की मग मांडवी, झुवारी, रस्ते, जे त्या नकाशाचं काम असेल ते. आकृत्या आणि तक्ते असतील तर आकडे साध्या वाक्यांत उतरवा.

बोटांसाठी एखादं चित्र

दर पुस्तकात एक-दोन चित्रं स्पर्शाने कळतील अशी करून द्यावीत असं मला वाटतं, विशेषतः लहान मुलांसाठी. जाड कार्डबोर्ड, फेविकॉल, सुतळी, जाड दोरा, सँडपेपर, कापडाचे तुकडे. छापील चित्र जसंच्या तसं उठावाचं केलं तर बोटांना काहीच कळत नाही. एकामागे एक झाकलेल्या वस्तू, दूरची म्हणून लहान काढलेली होडी, हे डोळ्यांचे संकेत आहेत. बोटांसाठी प्रत्येक वस्तू सुटी, बाजूने किंवा समोरून. दोन रेषांत किमान ३ मिलिमीटर अंतर ठेवा, नाहीतर त्या एकच वाटतात. जमिनीला एक पोत, पाण्याला दुसरा, आणि तो पुस्तकभर तोच. आपल्या जुन्या घरांतल्या, देवळांतल्या कावीच्या भिंती आठवा. पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर आणि तो खरवडून काढलेली नक्षी. रेषा मोजक्या, आकार सुटे. कावीचं चित्र असलेलं पुस्तक हाती आलं तर स्पर्शचित्राचा पहिला प्रयत्न त्यावरच करा.

फाईल बांधणं आणि देणं

वर्डमध्ये मजकूर एकत्र करा. धड्यांच्या नावांना 'हेडिंग'ची शैली द्या. नुसतं ठळक केलेलं नाव स्क्रीन रीडरच्या लेखी साधा मजकूरच असतं आणि वाचकाला एका उडीत पुढच्या गोष्टीवर जाता येत नाही. चित्राचं वर्णन मजकुरातच, "चित्र:" आणि "चित्र संपलं" यांच्यामध्ये घाला. प्रतिमेला जोडायचा ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो तो मजकूर, बहुतेक ठिकाणी एका दमात वाचला जातो, मध्ये थांबून एखादा शब्द पुन्हा ऐकता येत नाही. तिथे फक्त "बाजाराचं चित्र, वर्णन खाली" एवढं लिहा.

पुस्तकाचं नाव, लेखक, चित्रकार, प्रकाशक, आवृत्ती, वर्णन कुणी लिहिलं आणि डाव्या-उजव्याचा तो नियम पहिल्या पानावर. मग ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाईल, तयार करा. डेझी कन्सॉर्शियम या अंध वाचकांच्या पुस्तकांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं 'वर्डटूईपब' हे साधन मोफत आहे आणि हेडिंग नीट असतील तर ते काम व्यवस्थित करतं. वाचकाला ब्रेल हवं असेल तर युनिकोडमधली साधी मजकूर फाईलही द्या. भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीचं ब्रेल, अक्षरांच्या उच्चारावर चालतं, त्यामुळे मजकुरातली प्रत्येक चुकलेली वेलांटी ठिपक्यांत जशीच्या तशी उतरते.

देण्याआधी स्वतः ऐका. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, अँड्रॉइड फोनवर त्यातलाच टॉकबॅक. स्क्रीन बंद करा आणि फक्त आवाजावर धडा तीनपर्यंत जाऊन दाखवा. जिथे तुम्ही अडकलात तिथे वाचक अडकणार.

फाईल दिल्यावर आठवड्याने फोन करा. "आवडलं का?" असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. विचारा, "पान १२ वर कुत्रा काय करत होता?" उत्तर "कुठला कुत्रा?" असं आलं, तर त्या पानाचं वर्णन पुन्हा लिहायला घ्या.